'द अदर्स' पुन्हा पाहताना (शेवट ठाऊक असलेल्यांसाठीच)

कंदील

ज्यांनी 'द अदर्स' (२००१) पाहिलेला नाही त्यांनी कृपया इथूनच परतावं. पुढे शेवट फोडलेला आहे आणि नंतरच्या तक्रारी ऐकून घेतल्या जाणार नाहीत.

धक्क्यावर उभ्या असलेल्या सिनेमांचं एक ठरलेलं दुखणं असतं. गुपित कळलं की दुसऱ्या वेळी आपण नुसती पडताळणी करत बसतो: इथे कसं लपवलं, तिथे कशी दिशाभूल केली. आलेहान्द्रो आमेनाबारचा हा सिनेमा परवा पुन्हा पाहिला, तेव्हा पडताळणी दहा मिनिटांत सुटली आणि मी एका वेगळ्याच सिनेमात जाऊन पडले.

ज्यांना पुसटसं आठवतंय त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४५ साल. इंग्लिश खाडीतलं जर्सी बेट, जर्मनांच्या पाच वर्षांच्या ताब्यातून नुकतं सुटलेलं. धुक्यात बुडालेलं अवाढव्य घर. ग्रेस (निकोल किडमन) आणि तिची दोन मुलं, ॲन आणि निकोलस. मुलांना उजेड सोसत नाही, म्हणून पडदे कायम ओढलेले. एका दाराला कुलूप घातल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही, हा घराचा कायदा. नवरा युद्धावरून परतलेला नाही. आधीचे नोकर न सांगता, पगारसुद्धा न घेता नाहीसे झालेत. अशात तीन नवी माणसं दारात उभी राहतात: मिसेस मिल्स, म्हातारा माळी टटल आणि मुकी लिडिया. मग घरात आणखी 'कोणीतरी' असल्याच्या खुणा दिसू लागतात.

आणि शेवटी कळतं की ते 'कोणीतरी' जिवंत आहेत. ग्रेसने मुलांच्या तोंडावर उशी दाबून त्यांना मारलं आणि मग स्वतःवर बंदूक चालवली. नोकर तर १८९१ मध्येच क्षयाने गेलेले.

पहिल्यांदा पाहताना मला मिसेस मिल्सची भीती वाटली होती. ते शांत हसणं, ते सावकाश उंबरा ओलांडणं, सगळं ठाऊक असल्यासारखं बघणं. या वेळी मी बहुतेक वेळ तिच्याकडेच बघत होते, आणि ती कुठेही खोटं बोलत नाही. हे घर आम्हाला माहीत आहे, पूर्वी इथेच कामाला होतो: खरं. लिडिया पहिल्यापासून मुकी नव्हती: खरं. ॲनला ती सांगते की तुला जे दिसतं त्यावर माझा विश्वास आहे, मलाही ते दिसतात. खरंच. सबंध घरात त्या पोरीवर विश्वास ठेवणारं एवढं एकच माणूस.

मग ती सरळ सांगून का टाकत नाही? कारण हे सांगून कळण्यातलं नाही. मिसेस मिल्स या घरातली सुईण आहे. कळा ग्रेसलाच सोसायच्यात. हिने फक्त जवळ बसायचं, घाई करायची नाही. फिओनुला फ्लॅनागन या बाईंनी हे काम इतक्या कमी हालचालींत केलंय की किडमनच्या ताणलेल्या चेहऱ्यापुढे ते सहज नजरेतून निसटतं.

दुसरी गोष्ट धड्यांची. पहिल्या वेळी ते बायबलचे धडे म्हणजे वातावरणनिर्मिती वाटली होती. ग्रेस मुलांना जस्टस आणि पास्टर या दोन बालहुतात्म्यांची गोष्ट शिकवते: जीव गेला तरी श्रद्धा नाकारली नाही. मुलं म्हणतात, आम्ही आपलं खोटं बोलून सुटलो असतो. ती केवढी चिडते! पुढे 'लिंबो' येतं, मेलेल्या मुलांच्या वाट्याचा नरकाचा एक कोपरा. पाठ करून घेणारी बाई त्याच कोपऱ्यात बसलेली आहे, मुलांसकट. आणि घरात सगळ्यात मोठं खोटं तिचंच आहे, तेही स्वतःशीच.

तुम्ही परत पाहिलाय का? दुसऱ्यांदा काय वेगळं दिसलं?

अर्धवटराव

बऱ्याच वर्षांपूर्वी पाहिला होता. किल्ल्यांचा जुडगा आणि ती पांढऱ्या डोळ्यांची म्हातारी एवढंच लक्षात आहे. ती म्हातारी अजूनही जिन्यावर असते माझ्या.

हिंदीत याच कथेवर २००४ मध्ये 'हम कौन हैं?' आला होता. डिंपल, अमिताभ, धर्मेंद्र. उगाच आठवलं, कुणी शोधून बघू नये.

फिरकी

लेख आवडला, पण मिल्सबाईंना थेट संतपद देताय. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हा सिनेमा प्रामाणिक नाही.

ग्रेसच्या नजरेतून दिसणारं सगळं माफ, तिलाच ठाऊक नाही. पण ग्रेस समोर नसतानाची दृश्यं घ्या. टटल थडग्यांवर पालापाचोळा पसरतो. मिल्स आणि टटल आपसात बोलतात तेव्हा आवाजात कट शिजत असल्याचा सूर असतो. ग्रेस पाद्र्याला आणायला धुक्यात निघते तेव्हा 'धुकं तिला जाऊ देणार नाही' अशा अर्थाचं बोलणं होतं. हे सगळं कोणासाठी? घरातलं कोणी ऐकत नाहीये. फक्त प्रेक्षक ऐकतोय. म्हणजे नोकर दुष्ट आहेत अशी आपली समजूत व्हावी म्हणून ही दृश्यं घातलीत, आणि शेवटी म्हणायचं की छे हो, भली माणसं होती. याला मी पानात लपवलेला पत्ता म्हणेन.

कंदील

फिरकी, थडग्यांचा मुद्दा मलाही टोचला होता. पण नीट बघा, थडगी उघडी पडल्यावर काय होतं. मुलांना बागेत ती दिसतात, त्याच सुमाराला ग्रेसच्या हाती त्या तिघांचा मेल्यानंतरचा फोटो लागतो, आणि पहिली प्रतिक्रिया कोणती? ती बंदूक रोखते. म्हणजे मिल्सची भीती अगदी रास्त होती. जिने स्वतःचं मरण कबूल केलेलं नाही, तिच्यासमोर दुसऱ्याचं थडगं अचानक आलं तर ती हेच करणार. पालापाचोळा कथेच्या आतल्या कारणाने पडलेला आहे.

सुराबद्दल मात्र अर्धं मान्य. तो सूर थोडा जास्त काळा लावलाय.

बोरूबहाद्दर

याचं मूळ गोत्र पाहायला हवं, म्हणजे वाद जरा सुटेल. हेन्री जेम्सची लघुकादंबरी 'द टर्न ऑफ द स्क्रू' (१८९८). एकाकी मोठं घर, दोन मुलं, त्यांना सांभाळणारी ताणाखालची बाई आणि मेलेले नोकर. त्यावरचा सिनेमा 'द इनोसंट्स' (१९६१), डेबोरा कर या अभिनेत्रीचा, कृष्णधवल. मिळाला तर जरूर बघा. जेम्सच्या वाचकांचे शंभरेक वर्षं दोन तट पडलेत: भुतं खरी आहेत की बाईच भ्रमिष्ट आहे? आमेनाबारने त्या वादावर दिलेलं उत्तर मला फार आवडतं. दोन्ही. भुतं खरी आहेत, बाईचं डोकं फिरलेलं आहे, आणि भूत म्हणजे ती बाईच.

त्यामुळे फिरकी म्हणतात ती नोकरांची काळी छटा ही उसनी आहे. या जातीच्या कथेत नोकर म्हटले की ते दुष्ट असणारच, ही आपली सवय. दिग्दर्शकाने ती वापरून घेतली. त्याला लबाडी म्हणा हवं तर. मी कसब म्हणतो.

निवांत

मला झोप आली होती. पहिला अर्धा तास नुसती दारं उघडतात आणि बंद होतात. एकही भूत धड दिसत नाही, रक्त नाही, काही नाही. लोक याला भयपट का म्हणतात?

कंदील

निवांत, दारांवरच तर सगळं आहे हो! ग्रेस घराची तुलना जहाजाशी करते, उजेड पाण्यासारखा आत येऊ द्यायचा नाही म्हणून. त्या अर्ध्या तासात दिग्दर्शक आपल्याला नियम पाठ करून देतो: बंद दार म्हणजे सुरक्षित, उघडं दार म्हणजे धोका. मग पुढे नुसतं एक दार उघडं दिसलं तरी पोटात गोळा येतो. इतर भयपटांत हे काम रक्त करतं.

आणि हे घर स्पेनमध्ये आहे बरं का. कांताब्रिया प्रांतात, लास फ्रागुआस गावाजवळचा वाडा, जर्सी म्हणून दाखवलेला. सिनेमा स्पॅनिश निर्मितीचा. तिकडचे ८ गोया पुरस्कार मिळाले, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचाही, आणि सबंध सिनेमात स्पॅनिशचा एक शब्द नाही. असं पहिल्यांदाच घडलं होतं. छायाचित्रणाचा गोयाही मिळाला, हाविएर आगिरेसारोबे यांना. कंदिलाच्या उजेडात चेहऱ्याचा अर्धा भागच दिसतो आणि उरलेला अर्धा आपणच भीतीने भरून काढतो.

जुनाट

मृतांच्या फोटोंबद्दल थोडं. ग्रेसच्या घरात मेलेल्यांच्या फोटोंचा अल्बम सापडतो, तो बघून अनेकांना वाटतं की हे सिनेमावाल्यांनी रचलंय. नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत ही खरीच रीत होती. १८३९ मध्ये दागेरोटाइप ही फोटो काढण्याची सुरुवातीची पद्धत आली, त्यानंतर साध्या घरांनाही छबी परवडू लागली. पण जिवंतपणी फोटो काढायचं राहून जायचं, विशेषतः लहान मुलांचं. मग मूल गेलं की निदान एक आठवण म्हणून फोटो काढून घ्यायचे. बहुतेक फोटोंत माणूस निजलेला किंवा खुर्चीत टेकवलेला.

आंतरजालावर मात्र एक थाप जोरात फिरते, की प्रेतं लोखंडी स्टँडला टेकवून उभी करत. ते स्टँड जिवंत माणसांसाठी होते! सुरुवातीच्या काळात फोटोला बराच वेळ स्थिर राहावं लागे, मान हलू नये म्हणून मागून आधार द्यायचे. प्रेताचं वजन त्या दांड्याला पेलणार नाही. त्यामुळे स्टँडचा पाय दिसतोय म्हणून 'हा मेलेला आहे' असं सांगणारे सगळे फोटो बाद धरा.

सिनेमातला तिघांचा फोटो १८९१ चा. तोवर झटपट फोटो टिपणाऱ्या कोरड्या काचपट्ट्या आल्या होत्या, स्टँडची गरजही फारशी उरली नव्हती. पुन्हा पाहताना मला गंमत वाटली ती ग्रेसची. ती तो अल्बम बघून शहारते, हे असं कोणी का करेल म्हणते. आणि स्वतः मात्र मेलेल्या मुलांना रोज नीट कपडे घालून, धडे देऊन बसवते आहे.

फिरकी

जुनाट, शेवटचं वाक्य जबरदस्त. हे डोक्यात आलं नव्हतं.

सावरी

माझा कामानिमित्त त्वचारोगांशी संबंध येतो, म्हणून मुलांच्या आजाराबद्दल. सिनेमात नाव घेतलेलं नाही, पण कल्पना झेरोडर्मा पिगमेंटोसमवरून घेतलेली दिसते. सूर्याच्या अतिनील किरणांनी पेशींतल्या डीएनएला इजा होते. आपलं शरीर ती रोजच्या रोज दुरुस्त करत असतं. या आजारात ती दुरुस्तीच नीट होत नाही. फार दुर्मीळ, जन्मजात, आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच. प्रत्यक्षात क्षणभर उजेड पडला म्हणून श्वास कोंडत नाही. त्वचा भाजल्यासारखी होते, लहानपणीच ठिपके उठतात आणि पुढे त्वचेच्या कर्करोगाचा धोका प्रचंड वाढतो. मेणबत्तीपासून तसा धोका नाही, तेवढं सिनेमात बरोबर आहे.

पण वैद्यकीय चुका काढण्यापेक्षा मला दुसरंच दिसलं. पडदे काढून टाकलेल्या सकाळी मुलं किंचाळतात, ग्रेस जिवाच्या आकांताने त्यांना झाकते. आणि मुलांना काहीही होत नाही. एक फोड नाही. पहिल्यांदा पाहताना आपण 'वाचली बाई' म्हणून सुस्कारा टाकतो आणि पुढे जातो. खरं तर तिथेच कळायला हवं होतं. आजार शरीराबरोबरच गेला, भीती तेवढी मागे राहिली.

आणि एक. या मुलांची आई कित्येक वर्षं त्यांच्याबरोबर अंधारात, एकटी, नवरा नाही, बेटावर शत्रू, नोकरही निघून गेलेले. असा रुग्ण घरात असलेल्या माणसाची काय अवस्था होते ते मी पाहिलंय. तिने केलं ते भयंकर आहे, पण पटकथा ते आभाळातून पडल्यासारखं दाखवत नाही.

जुनाट

सावरी म्हणतात त्या एकटेपणाला इतिहासाचाही आधार आहे. १९४० मध्ये ब्रिटनने जर्सीसकट खाडीतली ही बेटं राखायची नाहीत असं ठरवून सैन्य काढून घेतलं, आणि जर्मन आले. ब्रिटिश बेटांपैकी जर्मनांच्या ताब्यात गेलेला एवढाच भाग. १९४४ च्या जूनमध्ये दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरलं, पण ही बेटं तशीच बाजूला राहिली, आणि फ्रान्सकडून येणारी रसदही तुटली. त्या हिवाळ्यात लोकांची उपासमार झाली. डिसेंबरअखेर रेडक्रॉसचं 'वेगा' जहाज अन्नाची पार्सलं घेऊन आलं तेव्हा कुठे जीवात जीव आला. सुटका ९ मे १९४५ ला. ग्रेसच्या घरात वीज नाही याचं कारणही ती हेच देते, की जर्मन सारखी तोडायचे, शेवटी विजेशिवाय जगायची सवय केली. त्यामुळे हा कंदिलांचा काळोख नुसता शोभेचा नाही.

बोरूबहाद्दर

एक प्रयोग सुचवतो. पुढच्या वेळी सिनेमा मार्लिश कुटुंबाच्या बाजूने बघा. हो, तेच, ॲनला दिसणाऱ्या व्हिक्टर या मुलाचे आईवडील, शेवटी टेबलाभोवती दिसतात ते. (आई म्हणजे मिशेल फेअरली. पुढे 'गेम ऑफ थ्रोन्स'मधली केटलिन स्टार्क. मला या वेळीच ओळखू आली.)

हे लोक नव्या घरात राहायला आलेत. सामान सरकवतात, वरच्या मजल्यावर धडधड होते. पियानोवर कोणीतरी बोटं फिरवतं. अंधारात कोण राहणार, म्हणून पडदे काढून टाकतात. मुलगा नव्या खोलीत घाबरून रडतो. बस. सिनेमातला प्रत्येक 'भुताटकी'चा प्रकार म्हणजे एका कुटुंबाचं बिऱ्हाड लावणं आहे! उलट त्यांच्या बाजूला काय घडत असेल ते बघा: उघडलेलं दार पुन्हा कुलूपबंद, ओढलेले पडदे पुन्हा जागच्या जागी, मुलाला खोलीत एक मुलगी दिसते आणि ती म्हणते ही खोली माझी आहे. नेहमीच्या पद्धतीचा अख्खा भयपट तिकडे चालू आहे, फक्त कॅमेरा भिंतीच्या या बाजूला ठेवलाय.

म्हणून ते प्लँचेटचं दृश्य इतकं जमतं. एकदाच, काही क्षण, दोन्ही बाजू एका खोलीत दिसतात. ती पांढऱ्या डोळ्यांची म्हातारी कागदावर लिहिते आहे, ॲन तिच्या कानाशी कुजबुजते आहे, आणि मुलं ओरडतात की आम्ही मेलेलो नाही. मग टेबल हलतं, कागद फाटतात. आणि आपल्याला त्या क्षणी कोणाची भीती वाटते? मला त्या टेबलाभोवतीच्या जिवंत माणसांची वाटली होती, आणि ते बिचारे तर घामाघूम.

निवांत

बोरूबहाद्दर, हे वाचून परत लावावासा वाटतोय. झोप आली तर धाग्यावर कळवतो.

फिरकी

ठीक, नोकरांचा खटला मी मागे घेत नाही पण तारीख पुढे ढकलतो. आता दुसरा मुद्दा, ज्यावर कोणीच बोललं नाही. चार्ल्स. ग्रेसचा नवरा.

धुक्यात ग्रेसला तो सापडतो, घरी येतो, पलंगावर पडून राहतो, आणि एका सकाळी निघून जातो. का आला, का गेला? तो मेलाय हे उघड. पण मेलेल्यांना हे घर सोडता येत नसेल, ग्रेसला धुकं अडवत असेल, तर हा कसा सुटला? मला हा तुकडा शिवून जोडल्यासारखा वाटतो. क्रिस्टोफर एकल्स्टनसारखा नट घेऊन त्याला मख्ख पडायला लावलंय.

सावरी

मख्खपणा मुद्दामच आहे. तो ॲनशी बोलतो तेव्हा ती त्याला 'त्या दिवशी' काय झालं ते सांगते. आपल्याला ते ऐकवत नाहीत. नंतर तो ग्रेसला विचारतो, ॲन म्हणते ते खरं का, आणि ग्रेस बोलणं तोडते. म्हणजे त्याला खरं कळलेलं आहे. निरोप घ्यायला आलो होतो असं म्हणतो. आपल्या मुलांना मारलेल्या बायकोशेजारी त्याने एक रात्र काढली, याहून जास्त त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

अर्धवटराव

माझा साधा हिशोब. जो जिथे मेला तिथला तो. नोकर याच घरात क्षयाने गेले, याच बागेत पुरले. ग्रेस आणि मुलं इथेच. चार्ल्स रणांगणावर. म्हणून तो पाहुणा.

फिरकी

मग पाहुणा येऊ शकतो आणि ग्रेस मात्र फाटकापलीकडे जाऊ शकत नाही, हे कसं? नियम एकच हवा ना.

कंदील

नियम एकच आहे असं मला वाटतं, पण तो जागेचा नाही. चार्ल्सला तो काय आहे ते बहुधा कळलेलं आहे, किंवा निदान झगडणं तरी त्याने सोडलंय. ग्रेस त्याला सांगते की युद्ध संपलं, तरी तो आघाडीवरच परत जातो. तिला अजून पाद्री हवाय, घराला आशीर्वाद हवाय, ती मदत आणायला निघाली आहे. धुकं अडवतं ते अशा माणसाला. मिसेस मिल्सही शेवटी हेच सांगते ना, की कधी ते लोक जाणवतील, कधी नाही, आपण सगळ्यांनी एकत्र राहायला शिकायचं. ती घर सोडण्याबद्दल बोलतच नाही.

एक कबूल: सिनेमात हे कोणी उच्चारत नाही. हे मी भरलेलं आहे.

बोरूबहाद्दर

भरलंय, पण शिवण दिसत नाही. एकच भर. चार्ल्स गेल्याच्या त्याच सकाळी पडदे नाहीसे होतात. नवरा गेला, उजेड आला, आणि संध्याकाळपर्यंत नोकरांचं गुपित फुटतं. हा तुकडा काढून टाका आणि बघा ग्रेस इतक्या लवकर कोसळते का.

फिरकी

हे पटलं. चार्ल्स राहू दे. पण टटलने थडग्यांवर पाचोळा टाकताना ते गालातल्या गालात हसणं मला अजून कोणी समजावलेलं नाही.

जुनाट

हसतो? मला तर तो हसताना आठवत नाही. कोणीतरी तेवढं दृश्य बघून सांगा.

निवांत

बघतोच आहे. अठ्ठावीस मिनिटं झाली, अजून जागा आहे. टटलपाशी पोचलो की सांगतो.